कारवानी कुत्रा : त्याचा स्वभाव व जोपासना

दक्षिण महाराष्ट्रांत किंवा त्याला लागून असलेल्या कर्नाटकाच्या सरहद्दीवर एखाद्या खेड्यांत सकाळच्या प्रहरीं गेलें असतां, वस्तीच्या कडेला गोठ्याच्या भिंतीशीं उन्हांत पडलेला एक निराळ्याच घडणीचा कुत्रा पाहावयास मिळतो. तोंड लांबट व निमुळतें, मान उंच, छाती खोल, कमर मात्र इतकी बारीक कीं दोन्हीं हातांच्या ओंजळींत मावावी. अंगावर चरबी म्हणून नाहीं. बरगड्या मोजून घ्याव्या. परक्या मनुष्याला पाहून तो भुंकत अंगावर येत नाहीं. मान वर करून एकदां पाहतो, आणि या पाहुण्याशीं आपणांस कांहीं कर्तव्य नाहीं अशा मुद्रेनें पुन्हां डोकें पुढच्या पायांवर टेकतो. नवख्या मनुष्यास वाटतें, हा उपाशी आहे, आजारी आहे, निदान आळशी तरी खास आहे. इतक्यांत दूर बांधावर एखादें मांजर हलतें, आणि डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच कुत्रा बसल्या जागेवरून नाहींसा झालेला असतो.

हाच कारवानी कुत्रा होय. कर्नाटकांत त्यास मुधोळचा कुत्रा म्हणतात. केनेल क्लब ऑफ इंडिया ही संस्था त्याची नोंद ‘कॅरॅव्हॅन हाउंड’ या नांवानें करते, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब त्याला ‘मुधोळ हाउंड’ म्हणतो. नांवांच्या या भांडणांत कुत्र्याचा कांहीं संबंध नाहीं. ‘कारवां’ म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा. या तांड्यांबरोबर अरबस्तान, इराण व अफगाणिस्तान या बाजूंकडून जे चपळ शिकारी कुत्रे हिंदुस्थानांत आले, त्यांचें रक्त दख्खनच्या भूमींत मुरून ही जात तयार झाली, असें मानण्यांत येतें. सलुकी जातीचा अरबी कुत्रा व आपला कारवानी हे शेजारीं उभे केले तर त्यांची भाऊबंदकी सांगावी लागत नाहीं. लांब, रेशमासारखे केस कानांवर व शेपटीवर असलेला याचाच एक प्रकार आहे. त्यास ‘पश्मी’ म्हणतात. फारसींत पश्म म्हणजे लोकर. आखूड केसांचा तो कारवानी आणि झुलपेदार तो पश्मी, असा आपल्याकडील खेडूतांचा साधा हिशेब आहे.

मुधोळ हें घटप्रभा नदीकांठचें घोरपडे घराण्याचें संस्थान. १९४८ सालीं तें मुंबई प्रांतांत विलीन झालें. आज तें गांव कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यांत आहे. तेथील अधिपति मालोजीराव घोरपडे यांनीं, आपल्या मुलुखांतील बेडर लोक शिकारीसाठीं जे कुत्रे बाळगीत त्यांची पैदास हौसेनें व निगुतीनें करविली, आणि त्यांपैकीं कांहीं कुत्रे इंग्लंडचे राजे पांचवे जॉर्ज यांस नजर केले, असें सांगतात. राजाश्रय गेल्यावर कुत्र्यास सांभाळिलें तें मात्र गरिबांनीं. धनगर, शेतकरी, रानोमाळ हिंडणारे पारधी यांच्या दारांत हा कुत्रा वाढला. त्यांच्या ताटांतील भाकरीचा तुकडा खाऊन त्यांच्या रानांत तो धांवला. पुढें २००५ सालीं भारताच्या टपाल खात्यानें चार देशी जातींच्या कुत्र्यांचीं तिकिटें काढलीं, त्यांत रामपुरी, राजपालयम व हिमालयी मेंढपाळ कुत्रा यांच्या पंक्तीला हाहि बसला. मुधोळजवळ थिम्मापूर येथें त्याच्या संवर्धनासाठीं संशोधन केंद्र निघालें. २०१६ सालीं त्याचीं पिलें लष्करी शिक्षणासाठीं मीरतेस गेलीं. आणि ३० ऑगस्ट २०२० रोजीं पंतप्रधानांनीं आकाशवाणीवरील आपल्या ‘मन की बात’ या भाषणांत त्याचें नांव घेतलें, तेव्हां ज्यांनीं तो कधीं डोळ्यांनीं पाहिला नव्हता अशा शहरवासीयांच्या घरोघरीं त्याची चर्चा सुरू झाली.

कीर्ति ही मनुष्याप्रमाणें जनावरासहि नेहमींच मानवते असें नाहीं. ज्या कामासाठीं हा कुत्रा शेंकडों वर्षें घडत आला तें सशाच्या शिकारीचें काम १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें गुन्हा ठरलें, आणि तें योग्यच झालें. माळरानें नांगराखालीं गेलीं, उसाखालीं गेलीं. खेड्यांतील मनुष्याला त्याचा उपयोग उरला नाहीं. अर्थात् यापुढें त्याचा वंश टिकावयाचा तर तो कुटुंबांतील सोबती म्हणूनच टिकला पाहिजे. आणि येथेंच खरी अडचण आहे. शहरांतील हौशी मनुष्य त्याचें डौलदार रूप पाहून पिलूं आणतो, तें वर्षाचें होईपर्यंत कौतुक करतो, आणि मग शेजाऱ्याचें मांजर मेलें, गादी फाडली, दार उघडें दिसतांच दोन मैल पळाला, अशा तक्रारी सुरू होऊन कुत्रा साखळीला बांधला जातो, नाहीं तर कोणा ओळखीच्याच्या शेतावर पाठविला जातो. दोष कुत्र्याचा नसतो. तो काय आहे हें त्यास घरीं आणण्यापूर्वीं कोणी समजून घेतलेलें नसतें.

कुत्र्यांच्या शिकारी जातींत दोन मोठीं कुळें आहेत. एक नाकानें माग काढणाऱ्यांचें व दुसरें डोळ्यांनीं सावज हेरणाऱ्यांचें. कारवानी हा दुसऱ्या कुळांतला. त्याच्या लांब कवटीवर डोळे बाजूंकडे बसलेले असल्यामुळें मनुष्यापेक्षां पुष्कळ अधिक रुंदीचा प्रदेश त्यास मान न वळवितां दिसतो, आणि दूरची लहानशी हालचालहि त्याच्या नजरेंतून सुटत नाहीं. भरधांव धांवतांना पाठीचा कणा धनुष्यासारखा वांकतो व सुटतो. एकेका झेपेंत दोन वेळां त्याचे चारहि पाय जमिनीपासून सुटलेले असतात. नराची उंची खांद्यापाशीं २७ ते २९ इंच व मादीची २५ ते २७ इंच असते. वजन मात्र पंचवीस किलोच्या आसपास. एवढ्या उंचीला इतकें कमी वजन म्हणजे हें शरीर केवळ धांवण्यासाठीं ओतलें आहे हें उघड होतें.

या एका गोष्टींतून त्याचा सारा स्वभाव उमलतो. नाकानें काम करणारा कुत्रा वासाला खिळून असतो व मनुष्य मागून येईपर्यंत भुंकत राहतो. डोळ्यानें काम करणाऱ्यास तेवढा वेळ नसतो. सावज दिसलें कीं निर्णय त्याचा त्यानेंच घ्यावयाचा, मालक मागें अर्धा मैल राहिलेला असतो. म्हणून हा कुत्रा मुळांतच स्वतंत्र वृत्तीचा. आज्ञा ऐकूं येत नाहीं असें नव्हे. ती पाळावी कीं नाहीं याचा तो विचार करतो. जर्मन शेफर्डास दहा वेळां ‘बैस’ म्हटलें तर तो दहा वेळां बसेल. कारवानी दोन वेळां बसून तिसऱ्या वेळीं, या गृहस्थाला झालें आहे तरी काय, अशा नजरेनें पाहील. यास मठ्ठपणा म्हणणें ही चूक होय. वर्गांतहि असे विद्यार्थी असतात, व ज्या शिक्षकास पाठांतर आणि बुद्धि यांतील भेद कळतो तो त्यांच्यावर छडी उगारीत नाहीं.

छडीचा विषय निघालाच आहे तर सांगितलें पाहिजे कीं, या कुत्र्यास मार मुळींच सोसत नाहीं. शरीराला सोसत नाहीं त्याहून मनाला सोसत नाहीं. एकदां अंगावर काठी आली तर तो चावण्यापेक्षां दूर होतो, आणि ती दूरी महिनोन्महिने भरून निघत नाहीं. हांक मारल्यावर उशिरानें आलेल्या कुत्र्यास मारणें हा तर शुद्ध मूर्खपणा. कारण येण्याबद्दल आपणांस शिक्षा झाली एवढाच धडा तो घेतो. त्याला शिकवावयाचें तर थोड्या वेळांत, उकडलेल्या मांसाचा किंवा अंड्याचा तुकडा हातांत ठेवून, आणि त्याचा कंटाळा सुरू होण्यापूर्वीं थांबून. पांच मिनिटांचे तीन धडे हे पाऊण तासाच्या एका धड्यापेक्षां केव्हांहि श्रेष्ठ.

घरांतल्या माणसांवर त्याची माया गाढ असते, परंतु ती तो बाजारांत मांडीत नाहीं. कांहीं जातींचे कुत्रे येणाऱ्याजाणाऱ्याच्या गळ्यांत पडतात. कारवानी ज्या खोलींत घरचीं माणसें असतील त्या खोलीच्या उंबरठ्याशीं येऊन पडेल, मालकिणीच्या पावलाला पाठ टेकवील, आणि तेवढ्यानें त्याचें समाधान होईल. परक्यानें एकदम डोक्यावर हात ठेवलेला त्यास खपत नाहीं. पाहुणे आले असतां ‘कांहीं करत नाहीं तो, हात लावा’ असें म्हणून त्यांना पुढें ढकलण्याची जी पद्धत आहे ती येथें उपयोगीं नाहीं. पाहुण्यानें आपल्या जागीं बसावें. कुत्र्याला वाटलें तर तो वास घ्यावयास येईल, न वाटलें तर येणार नाहीं. दोन्हीं प्रसंगीं पाहुण्याचें कांहीं बिघडत नाहीं. पिलूं दोन ते चार महिन्यांचें असतां त्याला नाना प्रकारचीं माणसें, मुलें, वाहनें, छत्र्या, मिरवणुकीचे ताशे यांची सौम्य ओळख करून दिली तर पुढें हा बुजरेपणा पुष्कळ कमी होतो. हें वय एकदां निघून गेलें म्हणजे तेंच काम दसपट अवघड होऊन बसतें.

लहान मुलांच्या घरीं हा कुत्रा ठेवावा कीं नाहीं, असा प्रश्न नेहमीं विचारला जातो. मूल सात-आठ वर्षांचें, सांगितलेलें ऐकणारें असेल तर अवश्य ठेवावा. मुलाच्या खेळण्यांत तो वांटेकरी होतो व त्याच्याशीं फार सभ्यपणें वागतो. रांगतें मूल असेल तर मोठें माणूस जवळ असल्यावांचून दोघांना एकत्र सोडूं नये. हा नियम सर्वच कुत्र्यांना लागू आहे. या जातीसाठीं आणखी एक सूचना : झोंपलेल्या कुत्र्यास मुलांनीं हात लावूं नये. या कुळांतील कुत्रे कधीं कधीं अर्धवट उघड्या डोळ्यांनीं गाढ झोंपतात. मुलाला वाटतें तो जागा आहे, तें गळ्यांत हात टाकतें, आणि दचकून उठलेल्या कुत्र्याचा दांत त्याच्या गालाला लागतो. त्या बिचाऱ्याच्या मनांत द्वेष नसतो. पण जखम ती जखमच. कुत्र्याचा दांत लागला तर लस टोंचलेली असो वा नसो, जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुऊन डॉक्टरांकडे गेलें पाहिजे. याबाबत हळदीवर किंवा चुन्यावर भरंवसा ठेवण्यासारखी घातक गोष्ट नाहीं.

मांजर, कोंबड्या, ससे, शेळीचीं करडें यांच्या बाबतींत भोळेपणा नको. घरच्या मांजराबरोबर पिलूंपणापासून वाढलेला कारवानी त्याच्याच शेजारीं झोंपेल. आणि तोच कुत्रा अंगणांतून पळणाऱ्या दुसऱ्या मांजरामागें सुटेल. पळणाऱ्या वस्तूमागें धांवणें हें त्याच्या इच्छेच्याहि पलीकडचें आहे. म्हणून उघड्या रस्त्यावर त्याला मोकळा सोडणें हा जुगार होय. एकदां सुटला म्हणजे हांक त्याच्या कानांत शिरत नाहीं, आणि समोरून येणारी मोटार त्याला दिसत नाहीं. दोरी तर हवीच. पण तिच्यांतहि एक मेख आहे. या कुत्र्याचें डोकें मानेपेक्षां फारसें रुंद नसतें. साधा पट्टा तो मागें सरकून क्षणांत काढून टाकतो. त्यासाठीं रुंद, मऊ व ओढ बसली असतां बेतानें आंवळणारा पट्टा घ्यावा, अथवा छातीवरून जाणारें साज वापरावें.

व्यायामाविषयीं दोन्हीं टोंकांचे गैरसमज आढळतात. कोणी म्हणतात, याला रोज वीस मैल धांवडविलें पाहिजे. कोणी म्हणतात, घरांत इतका स्वस्थ पडून असतो तर गच्चीवर फिरविलें तरी पुरे. खरें पाहतां हा थोडा वेळ जीव तोडून धांवणारा प्राणी आहे. सकाळीं व संध्याकाळीं मिळून तास-दीड तास दोरीवर फिरणें, आणि आठवड्यांतून तीन-चार वेळां कुंपण घातलेल्या मैदानांत पंधरावीस मिनिटें मनसोक्त धांवणें, एवढें मिळालें कीं उरलेला दिवस तो अशा शांतपणें झोंपून काढतो कीं घरांत कुत्रा आहे याचा विसर पडावा. त्या दृष्टीनें इमारतींतल्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांतहि तो सुखानें राहूं शकतो. मात्र जवळपास बंदिस्त मैदान नसेल तर त्या बिऱ्हाडानें दुसरी एखादी जात पाहावी. साखळीला बांधून ठेवलेला कारवानी हें दृश्य पाहवत नाहीं. तो महिनाभर ओढ घेतो, मग फेऱ्या घालतो, मग त्याचें पाहणेंच थांबतें. पिलाला मात्र सव्वा वर्षाचें होईपर्यंत दामटून धांवडवूं नये. हाडें तोंपर्यंत पक्कीं झालेलीं नसतात. उन्हाळ्यांत दहा वाजल्यावर डांबरी रस्त्यावर नेऊं नये. आपला हात त्या रस्त्यावर टेकवून पाहावा. आपल्याला जें सोसत नाहीं तें त्याच्या तळव्यांना कसें सोसावें?

खाण्याची गोष्ट गृहिणींच्या जिव्हाळ्याची, आणि येथें त्यांच्या हातून मायेपोटींच चूक होते. बरगड्या दिसतात म्हणून शेजारीण टोमणा मारते, ‘अहो, खायला घालतां कीं नाहीं त्याला?’ आणि दुसऱ्या दिवसापासून तुपाचा हात सैल सुटतो. निरोगी कारवान्याच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या व कमरेचीं हाडें दिसलींच पाहिजेत. त्या झांकल्या तर तो लठ्ठ झाला असें समजावें. वाढलेलें वजन त्या बारीक पायांच्या सांध्यांवर पडतें. खेड्यांत ज्वारी-बाजरीची भाकरी व ताक यांवर हा कुत्रा पिढ्यान्पिढ्या जगला हें खरें. पण त्याला रानांतलें मांस व उंदीरघुशी मिळत, हें विसरून केवळ भाकरी घालणें बरोबर नव्हे. भाकरीबरोबर अंडें, उकडलेलें कोंबडीचें मांस, थोडी शिजलेली भाजी व दही द्यावें. शाकाहारी घरांत दही, अंडें व पशुवैद्याच्या सल्ल्यानें तयार खाद्य यांवर निभाव लागतो. कित्येक मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाहीं; ढाळ लागले तर तें बंद करावें. शिजविलेलीं हाडें देऊं नयेत, तीं फुटून त्यांच्या कपऱ्या आंतड्यांत रुततात. कांदा, लसूण, द्राक्षें, बेदाणे व चॉकोलेट हीं त्यास विषासमान आहेत. दिवाळींत पाहुण्यांच्या हातून बेदाण्यांचा घांस त्याच्या तोंडीं पडतो, तिकडे लक्ष असावें. दिवसाचें अन्न एकदम न घालतां दोनदां विभागून द्यावें, आणि जेवणाच्या आधीं व नंतर निदान तासभर धांवूं देऊं नये. खोल छातीच्या कुत्र्यांत भरलेलें पोट वायूनें फुगून पिळा बसण्याचा प्रकार होतो. पोट फुगलें, कुत्रा ओकारी काढतो पण पडत कांहींच नाहीं, अस्वस्थपणें येरझारा घालतो, असें दिसलें कीं रात्र असो, पाऊस असो, त्याच क्षणीं दवाखाना गांठला पाहिजे. सकाळपर्यंत वाट पाहिली तर बहुधा फार उशीर होतो.

केस आखूड असल्यामुळें अंगाची निगा सोपी. आठवड्यास एकदां खरखरीत हातमोज्यानें अंग पुसावें, महिन्यास एकदां स्नान पुरे. पश्मीचे कानावरचे व शेपटीवरचे केस मात्र विंचरावे लागतात, नाहीं तर त्यांत कुसळें गुंततात. कातडी फार पातळ असते. साध्या बाभळीच्या कांट्यानें किंवा तारेच्या कुंपणानें ती कागदासारखी फाटते. अंगांत चरबी नसल्यामुळें कठीण फरशीवर झोंपून कोपरांना घट्टे पडतात. जुन्या रजईची घडी त्याच्या जागेवर घालावी. पौष-माघांतील पहांटे त्याला झूल घातली तर ती हौस नसून गरज आहे.

लशींबाबत हयगय करूं नये. दीड-दोन महिन्यांच्या वयापासून डिस्टेंपर व पार्व्हो यांच्या लशी सुरू कराव्या, तिसऱ्या महिन्यानंतर रेबीजची लस द्यावी, व पुढें पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणें ती वरचेवर टोंचून घ्यावी. जंताचें औषध वेळच्यावेळीं द्यावें. आपल्याकडे पावसाळ्यांत गोचिडांचा सुळसुळाट होतो, आणि गोचीड हा केवळ रक्त पिऊन थांबत नाहीं. त्याच्या चाव्यांतून जो ताप येतो त्यानें धडधाकट कुत्रा आठवड्याभरांत आडवा होतो. कुत्रा खात नाहीं, हिरड्या पांढऱ्या पडल्या, लघवी तांबूस झाली, तर ‘उद्यां बघूं’ म्हणूं नये. माणसांसाठीं घरांत असलेल्या तापाच्या व दुखण्याच्या गोळ्या तर मुळींच देऊं नयेत. त्यांतल्या कित्येक कुत्र्याच्या यकृताला व मूत्रपिंडाला मारक ठरतात.

या कुळाची आणखी एक विशेष गोष्ट पुष्कळ पाळणाऱ्यांस ठाऊक नसते. शस्त्रक्रियेच्या वेळीं गुंगी आणण्यासाठीं पूर्वीं सर्रास वापरलीं जाणारीं थायोपेंटोनसारखीं औषधें ग्रेहाउंड वर्गांतील कुत्र्यांच्या शरीरांतून फार सावकाश बाहेर पडतात, व कुत्रा तासन्तास शुद्धीवर येत नाहीं. आतां सुरक्षित औषधें आहेत. परंतु नसबंदी असो कीं जखम शिवणें असो, ‘हा दृष्टीनें शिकार करणाऱ्या जातीचा आहे’ हें वाक्य धन्यानें आपण होऊन वैद्याच्या कानांवर घातलें पाहिजे. गांवठी कुत्र्यांच्या गर्दींत काम करणाऱ्या वैद्याच्या तें लक्षांत येईलच असें नाहीं.

पिलूं निवडतांना रस्त्यावर टोपलींत मांडून बसलेल्याकडून घेऊं नये. आई पाहावी, तिचा स्वभाव पाहावा. भेदरलेल्या किंवा कडव्या आईचें पिलूं कितीहि गोजिरें दिसलें तरी सोडून द्यावें. आठ आठवड्यांच्या आंत पिलूं आईपासून तोडूं नये. शर्यतींच्या नादानें अलीकडे कारवान्याचा ग्रेहाउंडाशीं संकर करण्याचा प्रघात पडला आहे. त्यामुळें वेग वाढतो, पण दख्खनच्या ऊनवाऱ्यांत तगण्याचा मूळचा काटकपणा पातळ होतो, आणि जातिवंत म्हणून दामदुप्पट किंमत घेऊन भलतेंच पिलूं गळ्यांत पडतें. ज्यांना धीर असेल त्यांनीं टाकून दिलेला मोठा कुत्राच घरीं आणावा. अशा कुत्र्याला नव्या घरांत रुळावयास दोन-तीन महिने लागतात. पहिले कांहीं दिवस तो कोपऱ्यांतून हलत नाहीं, ताटलीकडे माणसें गेल्यावरच वळतो. त्या काळांत त्याच्याकडे टक लावून पाहूं नये, हांका मारूं नयेत. ठरल्या वेळीं अन्न, ठरल्या वेळीं फेरी, एवढा क्रम न चुकतां ठेवावा. मग एके संध्याकाळीं तो आपण होऊन येतो व उंबरठ्याशीं आपली जागा धरतो.

नीट सांभाळला तर हा कुत्रा बारा-तेरा वर्षें जगतो. नऊ-दहा वर्षांचा झाला म्हणजे जिना चढतांना मध्येंच थांबूं लागतो, तोंडावरचे केस पांढरे होतात, दांतांची घाण काढून घ्यावी लागते, फेरी निम्म्यावर येते. या वयांत त्याची जागा बदलूं नये व फरशीवर पाय घसरूं नये म्हणून त्याच्या वाटेवर एखादें गोणपाट टाकावें. डोळ्यांत थोडी निळसर छाया येते. तरी गॅलरीच्या कठड्यावर पारवा येऊन बसला कीं मान ताठ होते, कान मागें जातात, आणि क्षणभर अंगांतून एक शिरशिरी जाऊन तो पुन्हां रजईवर डोकें टेकतो.